बालवाडीची दिंडी, तीन वर्षांच्या पावलांनी

मुंबईतल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि दप्तरांचा नवेपणा जायच्या आत आषाढी दारात येते. बालवाडीच्या वर्षातला सगळ्यांनी मिळून करायचा हा पहिला कार्यक्रम. पालकांची एकमेकांशी खरी ओळख इथे होते. वर्गाच्या चार भिंतींबाहेरही आपण सगळे एकत्र असतो हे नव्या मुलांनाही इथेच कळतं. म्हणून दिंडी काढायलाच हवी. मात्र ती मुलांच्या मापाची हवी. रस्ता, वेळ, कपडे, टाळ, प्रसाद, सगळं तीन वर्षांच्या मुलाला झेपेल एवढंच ठेवलं तर दिंडी सुंदर होते. मोठ्यांच्या दिंडीची नक्कल करायला गेलं की निम्मी मुलं रडतात आणि उरलेली दमतात.

पुढचा सगळा हिशेब वीस मुलं, दोन ताई आणि एक मावशी असलेल्या बालवाडीचा आहे. चाळीच्या तळमजल्यावर, मंडळाच्या हॉलमध्ये किंवा सोसायटीच्या एखाद्या खोलीत भरणारी अशी बालवाडी गिरगाव, परळपासून मुलुंड, बोरिवलीपर्यंत कुठेही सापडेल.

आधी तारखेचं बघू. आषाढी दरवर्षी सरकते. २०२३ साली ती २९ जूनला होती आणि त्याच दिवशी बकरी ईदही होती. २०२४ साली १७ जुलैला आली, २०२५ साली ६ जुलैला, रविवारी. फरक अठरा दिवसांचा दिसतो, पण बालवाडीत तो फार मोठा असतो. जूनअखेरीस आषाढी आली तर नवी मुलं शाळेत येऊन जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. काहींची सकाळची रडारड अजून थांबलेली नसते. अशा वर्षी दिंडी आवारातच ठेवावी, रस्त्यावर उतरूच नये. जे मूल आईशिवाय तासभरही रमत नाही, त्याला पोशाख, टोपी, गंध यांत अडकवू नये. ते आईचा हात धरून रांगेच्या शेवटी चाललं तरी दिंडीतच आहे.

दिंडी एकादशीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आदल्या दिवशी काढावी. एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे भाविकांची रीघ लागते. शहरातल्या लहानसहान विठ्ठल मंदिरांतही पहाटेपासून गर्दी असते. त्या गर्दीत लहान मुलांची रांग घेऊन जाणं मला अजिबात पटत नाही. जवळच्या मंदिराच्या पुजाऱ्यांना चार-पाच दिवस आधी भेटून आदल्या दिवशीची सकाळची साडेनऊची वेळ मागितली तर ते सहसा आनंदाने देतात. त्या वेळी देऊळ रिकामंही असतं.

अंतर जाऊन-येऊन पाचशे मीटरच्या आत हवं, म्हणजे एका बाजूने अडीचशे. तीन वर्षांचं मूल एकटं असलं की पळतं, पण रांगेत, हातात पताका घेऊन, दर दहा पावलांवर थांबून बघत चालतं तेव्हा अडीचशे मीटरला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल तर ते देऊळ सोडून द्यावं आणि पालखी सोसायटीच्या आवारातच फिरवावी. गल्लीतून जायचं असेल तर जवळच्या पोलीस चौकीत एक साधं पत्र देऊन ठेवावं. मार्ग, वेळ, मुलांची संख्या एवढं त्यात पुरे. लाऊडस्पीकर लावूच नये. मुलांचा आवाज हीच या दिंडीची गंमत आहे आणि स्पीकरखाली तो ऐकूच येत नाही.

मार्गावरून ताईंनी आदल्या दिवशी एकदा चालून यावं. उघडं गटार, फुटपाथवर निघालेली लादी, नेहमी बसणारा कुत्रा, रिक्षांचा थांबा हे सगळं तेव्हाच कळतं. पेव्हर ब्लॉकवर आणि कोटा लादीवर पावसाळ्यात शेवाळ धरतं. आवारात असेल तर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून भरपूर पाण्याने धुवावं, पण हे आदल्या संध्याकाळी, मुलं नसताना. अनवाणी चालवायची हौस कुणाला असते, ती टाळावी. पावसात साचलेल्या घाण पाण्यातून लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापाची भीती असते आणि त्याला छोटीशी जखमही पुरते. मागे पट्टा असलेली सँडल सगळ्यात बरी. साधी चप्पल निघते आणि मूल ती घालायला मध्येच वाकतं, मग मागचं मूल त्याच्यावर पडतं.

पावसाचं गणित मुंबईत वेगळंच असतं. नुसत्या पावसाने शहर अडत नाही. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की सखल भागात पाणी तुंबतं. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ती यादी बालवाडीच्या फळ्यावर लावलेली असावी. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट असेल तर बाहेर पडायचं नाही, मग आकाश कितीही मोकळं दिसो. यासाठी दुसरी जागा आधीच ठरलेली हवी. सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलून इमारतीखालच्या पार्किंगमधल्या गाड्या अर्ध्या तासासाठी हलवून घेता येतात. चाळीत लांब गॅलरी असते, पण कठड्याची उंची आणि गजांमधलं अंतर बघितल्याशिवाय तिथे वीस मुलं नेऊ नयेत. छत्र्या तर नकोतच, शेजारच्याच्या डोळ्याच्या उंचीवर काड्या येतात. रेनकोटच्या टोपीने बाजूचं दिसत नाही आणि ताईंची हाकही नीट ऐकू येत नाही. रिमझिमीत टोपी मागे टाकून रेनकोट चालेल, त्याहून जास्त पाऊस असेल तर सरळ छताखाली.

आता दोरी. रस्त्यावर उतरायचं तर दोरीशिवाय नाही. सुती, बोटाएवढी जाड दोरी घ्यावी. नायलॉनची दोरी ओली झाली की निसटते आणि ओढली गेली तर तळवे सोलते. जोड्यांनी चालायचं म्हणजे वीस मुलांसाठी दहा ठिकाणी पकड हवी. दर पन्नास सेंटिमीटरवर मोठी गाठ मारायची, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक मूल तीच गाठ धरतं. पुढे-मागे मोठ्यांसाठी एकेक मीटर सोडून दोरी साडेसहा मीटर लागते, गाठींत जाणारी धरून आठ मीटर विकत घ्यावी. गाठीऐवजी हात अडकवायचे फास करू नयेत. एक मूल पडलं तर फासात मनगट अडकून शेजारचंही पडतं. दोरी हातात धरायची असते, कमरेला बांधायची तर मुळीच नाही. दोरी धरून चालण्याचा सराव आठ दिवस आधीपासून, रोज वर्गातल्या वर्गात पाच मिनिटं. पहिल्या दिवशी सगळी मुलं दोरी ओढतातच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात सैल पडतात.

रस्त्यावर चार मुलांमागे एक मोठं माणूस हवं. म्हणजे वीस मुलांना पाच जण. दोन ताई आणि मावशी झाल्यावर दोन पालक लागतात, एखादा आजारी पडला तर म्हणून तिसरा तयार ठेवावा. पालक निवडताना एक गोष्ट सांगून टाकावी, की रस्त्यावर असेपर्यंत त्यांनी फोन हातात घ्यायचा नाही आणि स्वतःच्या मुलाशेजारी चालायचं नाही. आई दिसली की मूल दोरी सोडतं. म्हणूनच बाकीच्या पालकांनी रस्त्याच्या कडेला उभं राहू नये, देवळाच्या आवारात आधीच जाऊन बसावं. पुढची ताई आणि शेवटची मावशी या दोघींच्या जागा कायम. काहीही झालं तरी त्या रांगेच्या टोकावरून हलत नाहीत. मधलं मूल रडलं, चपला निघाल्या, टोपी उडाली, तर ते मधल्यांनी बघायचं.

मोजणी चार वेळा करायची: वर्गातून निघताना, फाटकाबाहेर, देवळात पोचल्यावर आणि परत वर्गात. दोघींनी वेगवेगळं मोजून आकडा मोठ्याने बोलायचा. नुसतं नजरेने ‘सगळे आहेत’ म्हणण्यात चूक होते, कारण दिंडीत सगळ्यांचे कपडे सारखे असतात आणि पांढऱ्या टोप्यांमध्ये चेहरे पटकन ओळखू येत नाहीत. प्रत्येक मुलाच्या सदऱ्याला आतल्या बाजूने शाळेचं नाव आणि शाळेचा फोन लिहिलेली चिठ्ठी शिवावी. टाचणी किंवा सेफ्टी पिन नको. मुलाचं नाव बाहेर दिसेल असं लावू नये, नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसामागे लहान मूल सहज जातं.

पोशाखाची सूचना लिहिताना घरच्या खर्चाचा विचार व्हायला हवा. ‘वारकरी पोशाखात यावे’ एवढंच लिहिलं की अर्धे पालक भाड्याचे कपडे शोधत दादर गाठतात आणि ज्यांना परवडत नाही ते मुलाला घरीच ठेवतात. मुलासाठी पांढरा सदरा किंवा बनियन आणि कुठलीही पांढरी चड्डी किंवा लेंगा चालेल. मुलीसाठी परकर-पोलकं किंवा रोजचा फ्रॉक आणि वरून ओढणी चालेल. हे शब्दांत स्पष्ट लिहावं. धोतर हौसेने आणलंच तर शिवलेलं, कमरेला इलॅस्टिकचं हवं. धोतर आणि नऊवारी दोन्ही घोट्याच्या चार बोटं वर. खरं नेसवलेलं धोतर शू लागली की सुटेपर्यंत उशीर होतो. निघण्याआधी प्रत्येकाला शू करायला नेणं हे वेळापत्रकातलं पहिलं काम, तरीही चार जादा चड्ड्या आणि एक टॉवेल मावशींच्या पिशवीत असू द्या.

फेटा आणि टोपी एकमेकांची घालायला देऊ नये. उवा एका टोपीतून दुसऱ्या डोक्यात जाऊ शकतात आणि मग महिनाभर सगळ्या आया फणी घेऊन बसतात. कागदाच्या घडीच्या टोप्या वर्गात ताईंनी करून द्याव्यात, त्यावर मुलांनी रंगाचे ठसे उमटवावेत आणि आत नाव लिहावं. गंध किंवा बुक्का ताईंनी स्वतःच्या बोटाने, कपाळाच्या मधोमध, अगदी थोडा लावायचा. मुलांच्या हातात बुक्का दिला तर तो डोळ्यांत जातो. पायातल्या घुंगरांचा, सोन्याच्या साखळीचा हट्ट पालकांनी धरू नये.

पालखी घरच्या वस्तूंतून होते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा मुलांची साधनं आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून उभी केली. ते आजही सगळ्यात योग्य वाटतं. कापडाच्या दुकानात तागे गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या मागितल्या की मिळतात. अशा दोन नळ्या, मध्ये बुटांचा किंवा मिक्सरचा खोका, कडेने जुन्या साडीचा काठ आणि झेंडूच्या दोन माळा. खोका नळ्यांना सुतळीने चार ठिकाणी बांधायचा. चिकटपट्टी दमट हवेत सुटते. थर्मोकोल नको, राज्यात त्याच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे. सगळी पालखी एका हाताने उचलता आली पाहिजे. ती खांद्यावर द्यायची नाही, कारण मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो आणि ती कलंडते. हात खाली सोडून, कमरेच्या उंचीवर चौघांनी धरायची आणि दर पन्नास पावलांवर चौघं बदलायचे. पताकेच्या काठ्या वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्यांच्या कराव्यात. बांबूची काडी किंवा वाळलेली फांदी नको, पुढचा अचानक थांबला की ती मागच्याच्या तोंडात जाते. तुळस डोक्यावर घ्यायची तर कागदी पेल्यात एक मंजिरी, मातीची कुंडी नाही. दोरी धरल्यावर एकच हात मोकळा राहतो, म्हणून पताका आणि तुळस दोन्ही एकाच मुलाला देऊ नये.

विठोबा आणि रखुमाई कोणाला करायचं, यावरून पालकांत रुसवे होतात. माझं मत स्पष्ट आहे: कोणालाच करू नये. कमरेवर हात ठेवून वीस मिनिटं स्थिर उभं राहणं चार वर्षांच्या मुलाला शक्य नाही आणि तोंडाला काळा रंग फासणं तर मुळीच योग्य नाही. पालखीत विठ्ठलाची तसबीर ठेवा आणि सगळी मुलं वारकरी करा.

टाळ चार जोड्यांपेक्षा जास्त नकोत. पितळी टाळ वीस जोड्या एकदम वाजले, तेही पार्किंगसारख्या बंद जागेत, तर मुलं कानांवर हात ठेवून रडायला लागतात. बाकीच्यांनी ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत मोकळा हात मांडीवर मारत ठेका धरायचा. पावलीचे मोठ्यांसारखे प्रकार शिकवू नका. दोन पावलं पुढे, एक थांबा, एवढं आठ दिवसांत छान जमतं.

फुगडीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण इथे इजा होते. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या कोपरापाशी हाडाला धरून ठेवणारी पट्टी सैल असते. मनगटाला धरून झटका बसला किंवा मोठ्या माणसाने हात धरून गरगर फिरवलं तर हाड जागेवरून किंचित सरकतं. मूल हात हलवत नाही, तो अर्धवट वाकवून अंगाशी धरून ठेवतं आणि तळवा वर करायला गेलं की किंचाळतं. सूज बहुतेक वेळा दिसत नाही, त्यामुळे ‘लाडाने रडतंय’ असं वाटू शकतं. आपण ओढून बघायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. ते सहसा क्षणात बसवतात. म्हणून बालवाडीत उभी फुगडी नको, मोठ्यांनी मुलांशी घालायची तर नकोच. बसफुगडी घालावी. प्रत्येकाने आपापले हात गुडघ्यांवर ठेवून उड्या मारायच्या. रिंगण करायचं तर खडूने चार मीटर रुंद गोल काढावा, एका वेळी चारच मुलं, सगळी एकाच दिशेने आणि पताका खाली ठेवून. दोन दिशांनी धावली की कपाळाला कपाळ आपटतं.

प्रसाद बसूनच खायचा, चालताना किंवा रिंगणात नाही. साबुदाण्याची खिचडी असेल तर दाण्याचं कूट अगदी बारीक, अख्खा किंवा अर्धा शेंगदाणा नको. पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात तो अडकू शकतो. चिक्की नको. राजगिऱ्याचा लाडू कुस्करून द्यावा. खजूर बी काढून, उभे चिरून. सगळ्यात सोपं म्हणजे अर्धं केळं. शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी कोणाला आहे ते प्रवेशाच्या वेळच्या अर्जात असतंच. ते पान आदल्या दिवशी उघडून बघायचं आणि खिचडी घालणाऱ्या पालकालाही सांगायचं.

हाच काळ तापाचा, डोळे येण्याचा आणि हात-पाय-तोंडाच्या आजाराचा. तळहातांवर, तळपायांवर पुरळ किंवा फोड आणि तोंडात व्रण दिसले तर मुलाला घरीच ठेवायचं. ताप जाऊन फोड सुकेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. दिंडीसाठी म्हणून आजारी मुलाला औषध देऊन पाठवलं जातं, हे होऊ द्यायचं नसेल तर सूचनेतच लिहा: जे मूल येऊ शकणार नाही त्याची टोपी आणि प्रसादाचा पुडा घरी पोचवू. असं लिहिलं की पालकांवरचं दडपण कमी होतं. वर्गात एखाद्याला हा आजार झाला तर त्या दिवशीच सगळ्यांना कळवावं, मुलाचं नाव न घेता. या विषाणूवर सॅनिटायझरचा भरवसा धरू नये, साबणाने वीस सेकंद हात धुणं हाच उपाय.

वर्गात वेगवेगळ्या धर्मांची घरं असतात. दिंडीत मूल यावं का, कसं यावं हे पालकांना आठ दिवस आधी, समोरासमोर, मोकळेपणाने विचारावं. कोणी म्हणेल चालेल पण गंध नको, कोणी म्हणेल देवळात नको, आवारात हरकत नाही. तसंच करावं आणि त्याची चर्चा करू नये. जे मूल येणार नाही त्याला वर्गात एकटं बसवू नये. त्याच्याबरोबर एक पालक आणि रंगपेटी असावी. पुढे ईद, नाताळ, १४ एप्रिल येतात तेव्हा हीच आस्था दाखवली तर पालकांचा विश्वास बसतो.

सूचना एकच असावी आणि आठ दिवस आधी जावी. तीन-तीन बदलांचे संदेश गेले की कोणी पहिलाच वाचतं, कोणी शेवटचाच. ग्रुपवर टाका, पण तेवढ्यावर थांबू नका. मुलाला आणायला आजी येते, शेजारची ताई येते, त्यांच्याकडे तो ग्रुप नसतो. दारावर मोठ्या अक्षरात कागद लावा, मराठीत आणि हिंदीत. मजकूर असा पुरेसा आहे:

‘शुक्रवारी सकाळी आपली दिंडी आहे. मुलांना साडेआठला आणावे. पांढरे किंवा घरातले कुठलेही स्वच्छ कपडे चालतील, नवीन घेऊ नयेत. पट्ट्याच्या सँडल घालाव्यात. दागिने, पैसे, खाऊ पाठवू नये. पाण्याची बाटली द्यावी. पाऊस असल्यास दिंडी इमारतीखाली होईल. ताप किंवा पुरळ असल्यास मुलाला घरी ठेवावे, प्रसाद घरी पोचवू. शाळा नेहमीच्याच वेळी, साडेअकराला सुटेल.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कार्यक्रमाच्या दिवशी शाळा लवकर सोडायची पद्धत आहे आणि ती फार त्रासाची आहे. घरकामाला जाणाऱ्या, दुकानात किंवा ऑफिसात असलेल्या आईला दहा वाजता येणं जमत नाही. मग मूल कोणाच्या तरी हाती दिलं जातं. दिंडी दहाला आटपली तरी सव्वादहाला प्रसाद, मग हातपाय धुणं, कोरडे कपडे, चटईवर अर्धा तास पडणं किंवा चित्र काढणं, यात साडेअकरा होतात. नेहमीच्या यादीतल्या माणसाकडेच मूल द्यायचं, व्हॅनचे काका असोत की आजी. त्या दिवशी आवारात खूप ओळखीचे चेहरे असतात, म्हणून जास्तच काटेकोर राहायला हवं.

फोटो एकाच ताईने किंवा एकाच पालकाने काढावेत, आवारात आणि देवळात, रस्त्यावर नाही. ग्रुपवर घोळक्याचे फोटो टाकावेत, नावांशिवाय. ज्या पालकांनी नको म्हटलंय त्यांचं मूल फोटोत नाही ना, हे टाकण्याआधी बघावं. दुसऱ्या दिवशी दारावरच्या फळ्यावर मुलांनी काढलेली चित्रं लावा आणि त्याखाली मुलं जे बोलली ते त्यांच्याच शब्दांत लिहा. पालक घाईत असले तरी तो फळा वाचायला थांबतात.

ओली दोरी गुंडाळून कपाटात टाकली तर ऑगस्टपर्यंत तिला बुरशी लागलेली असते. साबणाने धुऊन, गाठी न सोडता, दोन दिवस पंख्याखाली वाळवून ठेवावी. नोंदवहीत मार्ग, लागलेली मिनिटं, कमी पडलेल्या वस्तू आणि रांगेत शेजारी-शेजारी ठेवू नयेत अशा जोड्या लिहाव्यात. गोपाळकाल्याच्या तयारीला हेच पान पहिलं उघडायचं असतं.